न झालेली जप्ती

नोकरीतल्या कितीतरी गोष्टी विसरले, पण ती एक दुपार विसरलेली नाही. माझ्या टेबलासमोर दोन पक्ष बसले होते आणि दोघंही मला सांगत होते, की गाडी दुसऱ्याकडे आहे.

मी तेव्हा अमरावती-अकोला रस्त्यावरच्या एका पोलीस ठाण्याची ठाणेदार होते. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. आमच्या हद्दीत शेतीच्या बांधाचे वाद, जुगाराच्या धाडी आणि हमरस्त्यावरचे अपघात एवढंच काम जास्त. एका गाडीनं माझी झोप उडवावी असं काही घडेल, हे वाटलं नव्हतं.

वाहनकर्ज देणाऱ्या एका कंपनीचा वसुली अधिकारी लेखी अर्ज घेऊन आला. अर्ज टाईप केलेला, व्यवस्थित. कर्जदाराने सात आसनी गाडीचे हप्ते थकवले, गाडीत बसवलेलं जीपीएस बंद पाडलं, फोन उचलणं सोडलं, आता गाडी त्याच्या दारात नाही. त्याने ती परस्पर विकली आहे, सबब त्याच्यावर विश्वासघाताचा गुन्हा दाखल करावा. असे अर्ज ठाण्यात नेहमी येतात. मी समन्स काढलं.

तिसऱ्या दिवशी कर्जदार आला, वसुली अधिकाऱ्यालाही मी बोलावून घेतलं होतं. पन्नाशीला टेकलेला, कंबरेला पट्टा बांधलेला, खुर्चीवर बसायलाही कचरणारा. बडनेरा स्टेशनवर उतरलेल्या पर्यटकांना चिखलदऱ्याला नेणं हा त्याचा धंदा. सोबत बायको होती, अंगणवाडी सेविका. तिच्या हातात कापडी पिशवी होती आणि ती न सांगता बसली.

मी विचारलं, "गाडी कुठे आहे?"

तो खाली बघत म्हणाला, "कंपनीनं नेली ना, मॅडम. दोन महिने झाले."

वसुली अधिकारी ताडकन उठला. "आम्ही? आमच्याकडे गाडी असती तर मी इथे कशाला आलो असतो?"

"मंग थे दोघं कोन होते?" बायको म्हणाली.

हकिकत अशी निघाली. मणक्याच्या दुखण्यानं तो तीन महिने घरी पडून होता, त्यात तीन हप्ते थकले. बरं वाटल्यावर पहिलीच फेरी करून परत येताना एका पेट्रोल पंपावर दोन माणसं आली. गळ्यात ओळखपत्रं, हातात टॅब. त्याचं नाव, कर्ज क्रमांक, थकलेले हप्ते, सगळं त्यांना तोंडपाठ. आवाज चढवला नाही. उलट म्हणाले, "भाऊ, लोक पाहून राहिले. बोभाटा काहून करता? चावी द्या, पैसे भरा, गाडी सोडवून न्या." पंपावर गावातली दोन-चार माणसं होती. त्याने चावी दिली आणि एसटीनं घरी आला. पुढे कंपनीचे फोन आले ते उरलेल्या पैशांसाठीच असतील असं समजून त्याने उचलले नाहीत.

बायकोने पिशवीतून एक कागद काढला. कंपनीचा शिक्का, वाहन ताब्यात घेतल्याची पावती, खाली हाताने केलेली सामानाची यादी. वसुली अधिकाऱ्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. "हा आमचा नमुना नाही. शिक्कासुद्धा खोटा आहे."

माझे जमादार तीस वर्षांच्या नोकरीचे. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, सरळ नाटक आहे. गाडी इकली अन् कागद छापून आणला."

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. हा पावतीचा बनाव मी आधीही पाहिला होता. गुन्हा नोंदवण्याचा शेरा मारायला मी पेन उघडलं. त्याआधी सवयीनं कंपनीनं जोडलेला खातेउतारा एकदा वाचला आणि एका ओळीवर थांबले. ज्या दिवशी गाडी गेली असं तो म्हणत होता, त्यानंतर सहाव्या दिवशी एक पूर्ण हप्ता जमा झाला होता.

"हा हप्ता कुणी भरला?"

"म्या भरला," बायको म्हणाली. "भिशी उचलली. गाडी सोडवाची होती ना. बाकीचे जमले की आनाले जानार होतो."

नवरा चमकून तिच्याकडे बघायला लागला. त्याला हे माहीत नव्हतं.

गाडी विकून पैसे खाल्लेला माणूस त्याच गाडीचा हप्ता भरत नाही. आणि त्याच्या घरची बाई नवऱ्याला न सांगता भिशी उचलत नाही. मी पेन बंद केलं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. कर्जाची गाडी ओढून नेणाऱ्यांना आमच्याकडे 'सीझिंगवाले' म्हणतात. खरे सीझिंगवाले गाडी उचलण्याआधी आणि उचलल्यावर पोलीस ठाण्यात लेखी सूचना देतात. तशी सूचना आमच्याकडे आली, की तिची नोंद होते. गाडी गेली त्या महिन्यातल्या सगळ्या नोंदी मी काढायला लावल्या. त्या गाडीची नोंद नव्हती. पंप ज्या ठाण्याच्या हद्दीत होता तिथेही नव्हती. म्हणजे ती जप्ती झालीच नव्हती. जप्तीच्या नावाखाली भरदिवसा, मालकाच्या हातून चावी घेऊन, गाडी चोरली होती.

पंपावरचं चित्रीकरण दोन महिन्यांनी कुठून मिळणार? ओळखपत्रांवरची नावं त्याने वाचली नव्हती. मान खाली घातलेला माणूस समोरच्याचं ओळखपत्र वाचत नाही.

मग मला एक गोष्ट सुचली आणि तिचा मला आजही अभिमान आहे. मी आजूबाजूच्या ठाण्यांना गाडीचोरीच्या फिर्यादी मागितल्याच नाहीत. मी मागितले कर्ज कंपन्यांचे अर्ज, 'कर्जदारानं गाडी लपवली' म्हणणारे. जमादार म्हणाले, "मॅडम, थे कागद कोन शोधणार?" पण आठवड्याभरात पंधरा-वीस अर्ज गोळा झाले. मी आणि जमादारांनी एकेका कर्जदाराला फोन केले. त्यातल्या तिघांनी तीच कहाणी सांगितली. एक अकोल्याचा, एक मूर्तिजापूरचा, एक धामणगाव रेल्वेचा. कंपन्या वेगवेगळ्या. धामणगावचा माणूस तर अटकेच्या भीतीने बहिणीच्या गावी जाऊन राहिला होता. चौघांकडेही पावती होती. चारही याद्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या. अक्षर एकच. आणि चारही ठिकाणी 'जॅक' हा शब्द 'ज्याक' असा लिहिलेला.

जमादारांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "चुकलो, मॅडम," म्हणाले. त्या दिवसापासून या तपासात त्यांनी स्वतःची रजासुद्धा घेतली नाही.

मी वसुली अधिकाऱ्याला बोलावून विचारलं, "जीपीएस बंद पडलं, ते कुठे?" कर्जदारानंच बंद पाडलं हे त्याने गृहीत धरलं होतं, जागा पाहिलीच नव्हती. बाकी कंपन्यांकडूनही माहिती मागवली. चारही गाड्यांची शेवटची जागा अकोल्यात, गॅरेजच्या एकाच गल्लीत निघाली.

त्या गल्लीत आमच्या पथकातल्या एका शिपायाच्या ओळखीचा ऑटो इलेक्ट्रिशियन होता. आधी तो बोलेना. शिपायाने त्याला समजावलं, की तू वायर कापली म्हणून तुला उचलायचं नाही, ज्याने कापायला सांगितली तो हवा आहे. मग तो बोलला. एक माणूस महिना-दीड महिन्याने गाडी घेऊन येतो. फायनान्सनं लावलेलं यंत्र बिघडलं, काढून दे, म्हणतो. दर वेळी गाडी वेगळी, चेहरा तोच.

"परत आला की फोन कर. तोवर काम लांबव," शिपायाने सांगितलं.

तीन आठवड्यांनी सकाळी अकराला फोन आला. "साहेब, आला हाय. मी बॅटरी खोलून ठेवली." अकोल्याच्या पथकाला कळवून आमची माणसं निघाली. तासाभरात तो आमच्या ताब्यात होता. दुसऱ्या चहाचा ग्लाससुद्धा संपला नव्हता त्याचा.

माणूस चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. पूर्वी खराखुरा सीझिंगवाला होता. परस्पर पैसे घेतो म्हणून काढून टाकलेला. माझ्यासमोर बसला तो जणू आम्हीच त्याचे गिऱ्हाईक.

"मॅडम, हे सिव्हिल मॅटर हाय. हप्ते थकले की गाडी ओढतातच. तुमी कायले त्रास करून घेता?"

चौकशीच्या खोलीत ओरडणारे अधिकारी मी पाहिले आहेत. ओरडण्यानं आपलाच घसा बसतो. मी त्याला पाणी दिलं आणि म्हटलं, "तुम्ही अनुभवी माणूस. आम्हाला या कामाची माहिती नाही. समजा, बाहेर उभी आहे ती आमची जीप ओढायची आहे. सामानाची यादी कशी कराल? लिहून दाखवा."

त्याला ते आवडलं. आपलं कसब विचारलं की माणूस सावध राहत नाही. त्याने कागद ओढला आणि भराभर लिहिलं. स्टेपनी एक. ज्याक एक. पाना एक. डाव्या बाजूस पोचा.

 मी ड्रॉवरमधून चार पावत्या काढल्या आणि त्याच्या कागदाशेजारी मांडल्या. त्याची नजर एकेका कागदावरून फिरली. 'ज्याक' वर आली तेव्हा थांबली.  त्याने विचारलं, "मॅडम, अजून पाणी भेटन काय?"

मग सगळं बाहेर आलं. वसुलीचे फोन करणाऱ्या एका एजन्सीतला कर्मचारी त्याचा भागीदार, पंपावरचा दुसरा माणूस तोच. ती एजन्सी अनेक कंपन्यांचं काम करायची. थकलेल्यांची यादी तो पुरवायचा आणि फोनवर गोड बोलून 'दादा, गाडी सध्या कुठं चालते?' हेही काढून घ्यायचा. गाडी नंबर बदलून दुसऱ्या राज्यात विकायची. कर्जदाराला वाटायचं कंपनीनं नेली. कंपनीला वाटायचं कर्जदारानं लपवली.

"एकही जण तक्रार करणार नाही, याची एवढी खात्री कशी होती?" मी विचारलं.

तो हसला नाही, शांतपणे म्हणाला, "मॅडम, ज्याची गाडी चोरीले जाते, थो ठाण्यात येते. ज्याचे हप्ते थकले, थो घरात बसते. आमी फक्त घरात बसणारे पाहत होतो."

इतकी वर्षं आरोपींचे जबाब घेतले. एवढं खरं वाक्य फार थोड्यांनी सांगितलं.

भागीदारालाही अटक झाली. पोलीस कोठडीत असताना त्यांनी गाड्या दाखवल्या. चारपैकी तीन सापडल्या, गॅरेजमधली पाचवी तर आधीच हाती लागली होती. आमची गाडी मध्य प्रदेशात एका धान्य व्यापाऱ्याकडे होती. त्या बिचाऱ्याने ती खरे कागद समजूनच घेतली होती. चेसिस नंबर जुळला, पंचनामा झाला, गाडी ठाण्याच्या आवारात आली.

ओळख पटवायला दोघा नवराबायकोंना बोलावलं. नवरा गाडीपासून चार हात लांब उभा राहिला आणि रुमालानं तोंड पुसत राहिला. बायकोने सरळ मागचं दार उघडलं, आत वाकली आणि ओरडली, "स्टेपनी बदलली ना मेल्यानं! आमची नवी होती!" आवारातले शिपाई हसले, मग नवराही हसला. तो हसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

पण गोष्ट इथे संपत नव्हती. गाडी सापडली तरी कर्ज होतंच. वसुली अधिकारी मला येऊन म्हणाला, "मॅडम, आता कायद्यानं आम्ही ती ताब्यात घेऊ शकतो." त्याचं चूक नव्हतं. वसुली आणि तडजोड हे पोलिसांचं काम नाही, म्हणून मी त्यात पडले नाही. फक्त दोघांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि चहा सांगितला.

खिडकीतून बाईचा आवाज येत होता. "हप्ते थकले हायत, मी कुठं नाही म्हणते? पन यांची कंबर आता चिखलदऱ्याच्या घाटाची राह्यली नाही. ही गाडी आमच्यानं पोसली जात नाही. तुमी लिलावात फुकून टाकसान, त्यापेक्षा आमाले इकाची परवानगी द्या. गिऱ्हाईक आमी आणतो, पैसे सरळ तुमच्या खात्यात. दंड तेवढा सोडा."

अधिकाऱ्याने वर विचारून सांगतो म्हटलं. ती म्हणाली, "इचारा. पन कागदावर द्या. आता बिनकागदाचं काई नाही."

न्यायालयातून गाडी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे लेखी हमीवर, सुटली, विकायची मुभाही न्यायालयानं दिली, कंपनीनं लेखी परवानगी दिली, दंड माफ केला आणि गाडी सरळ मार्गानं विकली गेली. कर्ज फिटलं. हातात काही उरलं नाही, पण डोक्यावरही काही उरलं नाही. तो माणूस नंतर अमरावतीच्या एका शाळेच्या बसवर पगारी ड्रायव्हर म्हणून लागला. सपाट रस्ता, ठरलेली वेळ.

कंपनीच्या मूळ अर्जावर मला अहवाल लिहायचा होता. मी लिहिलं : 'अर्जात तथ्य आढळून आले नाही. कर्जदाराने वाहन विकलेले नसून तो स्वतः चोरट्यांच्या फसवणुकीस बळी पडलेला आहे.' बाई ठाण्यात आली आणि म्हणाली, "मॅडम, याची नक्कल पाहिजे. रीतसर अर्ज देतो." मी विचारलं कशाला, तर म्हणाली, "दोन महिने लोकांनी यांले चोर म्हटलं. माहा भाऊसुद्धा घरी येत नव्हता."

नक्कल घेऊन ती घरी गेली नाही. हे मला जमादारांनी सांगितलं, ते त्या दिवशी कामानं बडनेऱ्याला होते. नवऱ्याला सोबत घेऊन ती स्टेशनबाहेरच्या टॅक्सी स्टँडवर गेली. सगळे ड्रायव्हर जमले होते. तिने शिक्क्यासकट तो कागद उघडला आणि अंगणवाडीत लेकरांना शिकवते तशा खणखणीत आवाजात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला.

त्या तपासासाठी मला वरिष्ठांचं प्रशस्तिपत्र मिळालं, ते कपाटात आहे. पण तो अहवाल मी लिहिला होता, याचं समाधान वेगळं. पोलिसाचं लिखाण बहुतेक वेळा माणसाला गुन्हेगार ठरवण्यासाठी असतं. एखाद्या वेळी ते माणूस गुन्हेगार नाही असं ठरवतं, आणि ते चारचौघांत मोठ्याने वाचलं जातं.

त्यानंतर ज्या ठाण्यात गेले तिथे मी एक नियम लावला. 'फायनान्सवाल्यांनी गाडी नेली' म्हणत कुणी आलं, तर त्याला हप्ते किती थकले हे विचारायचं नाही. आधी खुर्ची द्यायची, मग सूचनेची नोंद तपासायची. हप्ता थकणं हा गुन्हा नाही, हे आम्हा पोलिसांनाच आधी शिकावं लागलं. मी ते एका अंगणवाडी सेविकेकडून शिकले.