खालाची गाठ हैदराबादला गेली

निलंग्यात चौथीतच शाळा सुटली आणि मी नांदेडच्या एका दवाखान्यात चपराशी लागलो. निजामाचं राज्य होतं. परक्या गावात नोकरी जाईल ही धास्ती उठता-बसता. ज्या विधवेनं मला खोली दिली, तापात पेज पाजली, तिला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. तिचे उपकार या जन्मी फिटायचे न्हाईत.

त्या खालाच्या छातीत गाठ झाली. सरतान, म्हणजे कर्करोग. डॉक्टरसाहेबांनी ती कापली आणि नेहमीसारखी फडक्यात गुंडाळून तिच्या मुलाच्या हाती दिली. "ले जाव, दफन करो."

लोकांनाही तेच हवं असायचं. हिंदू गोदावरीकाठी पुरायचे, मुसलमान कब्रस्तानात. अंगाचा तुकडा परक्याला कसा द्यायचा? पण गाठीच्या कडेपर्यंत रोग आहे का, म्हणजे अंगात उरला का, हे हैदराबादला सूक्ष्मदर्शकाखाली कळायचं. आधीचे साहेब घरच्यांना समजावून गाठ बाटलीतून रेल्वेनं पाठवायचे. यांनी ते बंद केलं.

मी धीर करून म्हटलं, "साहेब, हैदराबादला पाठवायची न्हाई का?"

"कशाला? आजवर माझ्याकडं तक्रार घेऊन परत कोण आलं?"

माझं डोकंच फिरलं. गावाकडं यांनीच कापलेली एक बाई मी पाहिली होती. काखेत गाठ पुन्हा वर आलेली, हात खाली घेता येईना. नवरा म्हणत होता, "साहेबांनी लई केलं. पुन्हा त्यांना कशाला तरास?" ती गेली. साहेबांच्या लेखी मात्र ती बरी झालेली! परत आला न्हाई तो बरा, हा यांचा हिशेब. मेलेलं माणूस कसं येणार?

खालाचा मुलगाही अडला. "अम्मी का टुकडा रेल में? नक्को!"

खाटेवरून खालाच बोलली, "मेरी उमर गई, हैदराबाद देखी नै. वो गाँठ तो देख लेगी. जाने दे रे. बाद में दफना लेना."

मग मुलगाच साहेबांच्या टेबलासमोर जाऊन गाठ पाठवा म्हणाला. साहेबांनी पाठवायच्या कागदावर सही केली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "आता चपराशी शिकवणार मला!" नोकरी गेली असं धरूनच मी बाटली स्टेशनावर नेली.

हैदराबादहून जवाब आला. कडेपर्यंत रोग होता, म्हणजे अंगात उरला होता. साहेब भर वॉर्डात खालाला म्हणाले, "म्हणूनच तर मी पाठवली होती." मी दातओठ खात उभा राहिलो. त्यांनी पुन्हा कापलं. खाला वाचली.

ती चुलीपाशी बसायला लागली त्याच सुमारास अहमदपूरच्या एका माणसाच्या गालातली गाठ निघाली. तेच फडकं, तेच "ले जाव." मी बाटली पुढं केली, साहेबांनी ती हातानं बाजूला सारली.

संध्याकाळी ताट वाढताना खालानं विचारलं, "आज किसकी गई हैदराबाद?"

"कुणाचीच न्हाई."

तिनं भाकरी ताटात आपटली. "कल मैं आती तेरे दवाखाने. बोल उसकू, तक्रार लेके एक जनी वापस आई."