गव्हाच्या ओंबीचा शिक्का

परभणी जिल्ह्यातल्या पालमच्या बस स्टँडसमोर, रसवंतीला लागून दैवशालाचं फॉर्म भरायचं दुकान आहे. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, रेल्वेचं तिकीट, कुणाच्या पोराची परीक्षा, सगळं तिच्या एका कॉम्प्युटरवर. माहेर चुडाव्याचं, घर स्टेशनाच्या पाठीमागे. मालगाडी थांबली की डब्यात काय आहे आणि ते कुठे जायलंय हे गार्डाला विचारल्याशिवाय लहानपणी तिला चैन पडायचं नाही. लग्नानंतर ती पालमला आली. नवरा शिवशंकर एसटीत कंडक्टर. तो दिवसभर लोकांना तिकिटं द्यायचा आणि ही दाखले.

एका दुपारी कस्तुराबाई दुकानात आल्या. शेजारच्याच गावच्या, साठीच्या, बोलायला खणखणीत. गावातल्या दहा बायांचा त्यांचा गट होता. उन्हाळाभर पापड, कुरडया, खारोड्या करून त्या आठवडी बाजारात विकायच्या.

"बाई, मला एक फारम भरायचाय. विदेशाचा."

"पासपोर्ट काढायचाय का मावशी?"

"मला कुठं जायचंय माय! खारोड्या जायलेत."

दैवशालाने कीबोर्ड बाजूला सारला. कस्तुराबाईंनी सगळं सांगितलं. त्यांची भाची अर्पिता हॉलंडला मातीचा अभ्यास करत होती. जाताना तिने डबाभर ज्वारीच्या खारोड्या, म्हणजे तीळ घालून उन्हात वाळवलेले वडे, नेल्या होत्या. खोलीच्या खाली वाणसामानाचं दुकान होतं. दुकानदाराचं नाव हेंड्रिक. त्याने एक खारोडी तोंडात टाकली, मग दुसरी, आणि गप्पा संपेपर्यंत डबा अर्धा केला. आता त्याला तीनशे किलो पाहिजे होत्या.

"तीनशे किलो!" दैवशाला खुर्चीतून उठलीच. असला फॉर्म तिने जन्मात भरला नव्हता. पण "मला येत न्हाई" हे शब्द तोंडातून बाहेरच पडेनात. ती म्हणाली, "भरू की!"

पुढचे चार महिने तिला आपण जमिनीवर चालतोय की हवेत हे कळलं नाही. गटाच्या नावाने निर्यातीचा नंबर काढला, अन्नाचा परवाना काढला. परभणीला जाऊन दोन दिवसांचं शिबिर केलं आणि तिथल्या साहेबांना इतके प्रश्न विचारले की जेवणाच्या सुट्टीत ते तिला पाहून दुसऱ्या दाराने गेले. खारोड्यांचा नमुना तपासणीला पाठवला तो नापास होऊन आला: ओल जास्त, आणि वर बारीक रेती. दैवशाला गावात जाऊन बघते, तर गच्चीवर खारोड्या वाळायलेत, वावटळ येऊन जायलीय आणि कोपऱ्यात शेजारच्या रायभानच्या दोन शेळ्या निवांत जेवायलेत.

मग बायांनी घरोघरच्या मच्छरदाण्या जमा केल्या, धुतल्या, एकीला एक शिवल्या आणि गच्चीवर मांडव घातला. गावाला हसायला कारण मिळालं. रायभान म्हणाला, "खारोड्यांना मलेरिया हुईल म्हून का?"

"त्या परदेशी चालल्यात, भाऊ," कस्तुराबाई वरून ओरडल्या. "तुझ्या शेळ्या चालल्या की त्यांना बी शिवून दिऊ!"

दुसरा नमुना पास झाला. मग पाकिटावरच्या मजकुराचा घोळ. तीळ हा शब्द ठळक अक्षरांत पाहिजे, कारण तिकडे काही जणांना तीळ सोसत नाही. आणि नाव? खारोडीला इंग्रजीत काहीतरी गोड नाव द्यावं, असं अर्पिताने फोनवर सुचवलं. कस्तुराबाईंनी ते जागीच मोडून काढलं. "खारोडीला खारोडीच लिवा. आमी पिझ्झा म्हनायला शिकलोच की. ते बी शिकतील."

मे महिन्यातल्या एका बुधवारी माल निघायचा ठरला. छत्तीस खोकी दैवशालाच्या दुकानासमोर लागली होती. खाली ठेवायला सुताराकडून नवीकोरी लाकडी चौकट करून आणली होती, तिला पॅलेट म्हणतात हे आता साऱ्या स्टँडला पाठ झालं होतं. पिकअप पाच वाजता मुंबईला सुटणार होती. दुपारी एकला मुंबईच्या एजंटाने व्हिडिओ कॉलवर सगळं पाहिलं आणि विचारलं, "ताई, पॅलेटवर शिक्का कुठाय?"

"कसला शिक्का?"

त्याने समजावून सांगितलं. लाकडात कीड असते, म्हणून ते भट्टीत तापवावं लागतं आणि तापवल्याचा शिक्का त्यावर डागावा लागतो. जगभर एकच खूण: चौकटीत गव्हाची ओंबी आणि बाजूला इंग्रजी अक्षरं. ती नसली तर हॉलंडवाले माल घेत नाहीत. त्याच्याकडे पॅलेट होतं, पण तिथल्या गोदामात नंबर लागून माल परत बांधायला दोन दिवस लागणार होते, आणि जहाजासाठी माल घेणं उद्या दुपारी बारालाच बंद होणार होतं. नांदेडच्या तीन पॅलेटवाल्यांना फोन केले. तिघेही म्हणाले, उद्या देतो.

दैवशालाने एजंटाकडून त्या खुणेचा फोटो मागवला. मग तो आपल्या फोनमधल्या एकूण एक ग्रुपवर टाकला. "असा शिक्का असलेली लाकडी चौकट कुनाकडं हाय का? लय अर्जंट."

फोन नुसता थरथरायला लागला. एकाने बैलगाडीच्या लाकडी साटीचा फोटो पाठवला. एकाने आट्याच्या पोत्यावरची ओंबी पाठवली. एकाने तर सासूच्या हातावरचं गोंदण पाठवून विचारलं, "हे चालतंय का?" दैवशालाला रडू यायच्या बेताला हसू फुटलं आणि ते काही केल्या थांबेना.

तिकडे शिवशंकर गंगाखेडहून येणाऱ्या गाडीत होता. बायकोचा मेसेज वाचून तो भर गाडीत उभा राहिला आणि बेल्ट सावरून म्हणाला, "तिकिटं झाली. आता ह्यो फोटो बगा सगळ्यांनी!" फोन एका सीटवरून दुसऱ्या सीटवर फिरला. मागच्या बाकावरच्या सुलाबाई म्हणाल्या, "अव, ही तर आमच्या महारुद्रच्या जनरेटरखालची फळी. विदेशातून मशीन आली तवा तिच्यासंगं आली. कपडे वाळत घालताना रोज बगते मी."

महारुद्र हा सुलाबाईंचा मुलगा, त्याचा डीजे होता. आणि महारुद्र त्या क्षणी पालमातच, लोहा रस्त्यावर, व्यंकटरावांच्या मुलाच्या वरातीत वाजवत होता.

शिवशंकरचा फोन येताच दैवशाला आणि कस्तुराबाई धावत निघाल्या. वरात ऐन रंगात होती. हाका मारून उपयोग नव्हता, आपला आवाज आपल्याला ऐकू येत नव्हता. पुढे घुसावं तर नाचणाऱ्यांची भिंत. कस्तुराबाईंनी क्षणभर पाहिलं, पदर खोचला, दोन्ही हात वर केले आणि नाचत आत शिरल्या. त्यांना वाट मिळाली! दैवशाला स्वतःच्या लग्नातसुद्धा नाचली नव्हती. तिने डोळे मिटले आणि मावशीच्या मागोमाग नाचत सुटली. कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी तिच्यावर फुलं उधळली, आणि डीजेच्या टेम्पोपाशी पोचेपर्यंत तिला खरंच मजा यायला लागली होती.

महारुद्रने गाणं बंद करून सगळं ऐकलं. "वहिनी, जनरेटर उतरवला तर वरात बंद पडल. व्यंकटराव मला जित्ता सोडनार न्हाईत."

गाणं थांबलं तसे व्यंकटराव फेटा सावरत आलेच. "कामून बंद केलं रे? मुहूर्त टळायलाय!"

"आमचा बी टळायलाय, दादा," कस्तुराबाई धापा टाकत म्हणाल्या. "आमच्या खारोड्या निघाल्यात, आन त्यांच्या पायाखालचा पाट तुमच्या वरातीत अडकलाय."

"कुठं निघाल्यात?"

"हॉलंडला."

व्यंकटरावांनी एकदा कस्तुराबाईंकडे, एकदा टेम्पोकडे पाहिलं. "पालमहून? हॉलंडला?" त्यांचा चेहरा हळूहळू पसरत गेला. मग ते वळून असे गरजले की घोडीही दचकली, "उतरवा रे जनरेटर! हलगीवाले कुठं गेले? वाजवा!"

आठ जणांनी जनरेटर उचलून खाली ठेवला. चौकट निघाली. दैवशाला गुडघ्यांवर बसली, पदराने धूळ पुसली. ओंबी होती! अक्षरंही होती, फळी एकही तुटलेली नव्हती. नवरदेवानेसुद्धा घोडीवरून वाकून शिक्का पाहिला. मग चार पोरांनी चौकट खांद्यावर घेतली, पुढे हलगी, मागे घोडी, आणि सगळी वरात वळसा घेऊन स्टँडकडे निघाली. रसवंतीवाल्याने पाइप लावून चौकट घासून धुतली, मेच्या उन्हाने ती वाळवली. वऱ्हाड्यांनी रांग धरून छत्तीस खोकी हातोहात रचली. फोनवर एजंटाने शिक्का पाहिला आणि विचारलं, "ताई, मागं काय वाजतंय?"

"लगीन हाय," दैवशाला ओरडली, "आमच्याच मालाचं!"

पाच वाजून दहा मिनिटांनी पिकअप गेली. मांडवात ताटकळलेली नवरी शिवकन्या उशिराचं कारण ऐकून इतकी हसली की मुंडावळ्या दोनदा बांधाव्या लागल्या.

सात आठवड्यांनी, दैवशाला एका म्हाताऱ्या बाबांचा उत्पन्नाचा दाखला भरत असताना फोन वाजला. अर्पिताने फोटो पाठवला होता. काचेच्या दाराचं दुकान, आत फळी, फळीवर ओळीने खारोड्यांची पाकिटं. त्याखाली हेंड्रिकचा व्हॉइस मेसेज: "खा-रो-दी! फिनिश! मोर, मोर!" त्याला आता हजार किलो पाहिजे होत्या, आणि सोबत ज्वारीचं पीठही.

दैवशाला किंचाळली. रसवंतीवाला धावत आला. स्टँडमधून शिवशंकर आला, त्याने तो आवाज चार वेळा ऐकला आणि बायकोला दोन्ही हातांनी धरून दुकानातच गरकन फिरवलं. प्रिंटर खाली पडता पडता वाचला. कस्तुराबाईंना फोन लावला तर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "त्यानं फळी पुसून ठेवल्यात ना?"

बाबा हे सगळं बघत बसले होते. शेवटी ते हळूच म्हणाले, "पोरी, हे झालं की माझी हळद बी बगशील का? चांगली हाय. फक्त कुटं पाठवायची ती मला मालूम न्हाई."

दैवशालाने डोळे पुसले आणि वहीचं नवं पान उघडलं. "बसा बाबा," ती म्हणाली. "किती किलो हाय?"