सुजाताची तहान

परिपाठ चालू होता. मुलं प्रतिज्ञा म्हणत होती आणि माझ्या पर्समधला मोबाईल थांबून थांबून थरथरत होता. न बघताच मला कळलं. सुजाताचे मिस्टर, मिलिंददादा, शाळेच्या वेळेत कधी फोन करत नसत... कानाला लावला तर ते एवढंच म्हणाले, "गेली." समोर पहिलीच्या रांगेत सुजाताच्या वर्गातली पोरं हात पुढे करून उभी होती. त्यांना खाली बसायला सांगितलं आणि मीही तिथंच पायरीवर बसले. दीड महिना होऊन गेला, पण मनानं मी अजून त्या पायरीवरून उठलेली नाही.

आम्ही दोघी एकाच शाळेवर, बरीच वर्षं. ती भिंगारची, मी नगरची. सकाळची राहुरीची गाडी, तिथून काळीपिवळी जीप आणि मग वस्तीपर्यंत चालत. गाडीत ती बाकावर बसली की शेजारचं माणूस आपोआप उठायला बघायचं, आणि हीच आधी म्हणायची, बसा हो, मी निम्मी बाहेर बसते. आम्ही सगळ्या हसायचो. तिला ते लागत होतं, हे तिनं मला एकदाच सांगितलं. पहिलीच्या बाईला जमिनीवर मांडी घालून बसावं लागतं. ही बसली की पोरांनी दोन्ही हातांना धरून उठवायचं. शुगर होती, गुडघे कामातून गेले होते. मिलिंददादांनी पुण्यात चौकशी केली आणि तिनं वजन कमी करायचं पोटाचं ऑपरेशन करून घेतलं.

ऑपरेशन छान झालं. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर जो तो त्या डॉक्टरांच्या नावानं खडे फोडत होता. वर्षभरात ती निम्मी झाली. वस्तीवरच्या बायका काळजीनं विचारायच्या, "बाई, लई वाळल्या. दुखनं-बिखनं न्हाई ना काई?" ही आपली खूश. मला वर्गाच्या दारात बोलावून मांडी घालून बसायची आणि कुणाचा हात न धरता उठून दाखवायची. तिला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

घात केला तो पाण्यानं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पोट आता वाटीएवढं उरलंय, एकदम पाणी जाणार नाही, दिवसभर घोट घोट पीत राहा. आणि दिवसभर पाणी न पिणं हीच तर आमची नोकरी. शाळेत बायकांच्या संडासाला कडी नाही आणि आत पाणीही नाही. उन्हाळ्यात वस्तीला टँकर येतो, त्यातलं तिकडं कोण ओतणार? म्हणून घरून निघताना चहासुद्धा अर्धाच घ्यायचा आणि परत उंबरा ओलांडेपर्यंत नुसते ओठ ओले करायचे. हे कुणी शिकवलं नाही, आधीच्या बायकांचं बघून सगळ्याच शिकलो. सुजाता घरी पोचली की तांब्या तोंडाला लावून उभ्याउभ्या रिकामा करायची. ऑपरेशननंतर ते जमेना, दोन घोटांत मळमळायला लागायचं. दिवसाची कसर संध्याकाळी भरून निघेनाशी झाली. दिवस मात्र पहिल्यासारखेच कोरडे जात राहिले.

आधी खडे झाले. मग एका उन्हाळ्यात उलट्यांचं निमित्त झालं आणि किडन्या गेल्या. पाणी का पीत नव्हता, असं नगरच्या डॉक्टरनं विचारलं तेव्हा तिनं खरं ते सांगितलं. लघवीला जायला जागा नाही म्हणून कुणी तहान मारतं, हे त्या तरुण माणसाला पटेचना. त्यानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं.

डायलिसिस सुरू झालं आणि पाणी मोजून मिळायला लागलं. शरीरातून ते बाहेरच पडत नव्हतं, पायांवर चढायचं, छातीत साचायचं. आम्ही शेवटचं भेटलो तेव्हा ती उशीला टेकून बर्फाचा एवढासा खडा चोखत होती. तो संपला तरी तोंड हलतच होतं. म्हणाली, "शोभा, इतकी वर्षं पाणी समोर होतं गं..." मी तिच्या पायांवरून हात फिरवत बसले.

त्यांच्याकडच्या जलदान विधीला मी गेले होते. भंतेजी गाथा म्हणत होते आणि घरचे एकमेकांच्या हाताला हात लावून तांब्यातलं पाणी वाटीत सोडत होते. वाटी भरली, ताटात सांडायला लागली, तरी मिलिंददादा धार सोडतच होते. मला भयंकर राग आला. कुणाचा, ते अजून ठरत नाही. रागाला धरायला निदान एक माणूस तरी लागतं, इथं नुसती एक नसलेली कडी आहे. मी उठून बाहेर चपलांपाशी जाऊन उभी राहिले.

पहिलीचा वर्ग आता माझ्याकडे आहे. सुजातानं लावलेली एक पद्धत तिथं अजून चालते. जेवणाच्या सुट्टीनंतर पोरं माठापाशी रांग लावतात, एकेक पेला पाणी पितात आणि पेला पालथा करून बाईंना दाखवतात, मगच जागेवर बसतात. मी ती मोडलेली नाही. परवा सगळ्यात शेवटी एक बारकी पोरगी आली. पेला पालथा करून दाखवला, मग पुन्हा भरला आणि माझ्यापुढं धरला. "बाई, तुमी प्या की. तुमी कदीच पेत न्हाई."

मी पेला घेतला. तो पालथा व्हायची वाट बघत ती समोर उभी राहिली... संध्याकाळची जीप अजून लांब होती. मी ओठ ओले केले, मागून कुणी हाक मारली म्हणून ती वळली तेवढ्यात उरलेलं पाणी खिडकीबाहेरच्या मातीत ओतलं आणि पेला पालथा करून तिला दाखवला.