हनुमान जयंतीच्या संध्याकाळचे पाणी

नोकरीत मी चुका पुष्कळ केल्या. बहुतेक विसरलो, काही मुद्दाम विसरलो. एक मात्र पिच्छा सोडत नाही. अजून कोठे होडी चिखलात कलंडलेली दिसली की मला माझे खाडीकाठचे ठाणे आठवते आणि मान खाली जाते.

सन तीसनंतरची ती वर्षे. मी देशावरचा. आमच्याकडे नदी एकाच दिशेने वाहते आणि उन्हाळ्यात आटते, पाण्याबद्दलचे माझे ज्ञान एवढेच. फौजदार म्हणून बदली झाली ती दाभोळच्या खाडीकाठी. ठाणे लहान, एक हवालदार, पाच शिपाई आणि एक कोठडी. माझ्या टेबलामागच्या खिडकीतून खाडी दिसायची. वारा येतो म्हणून मी तिच्याकडे पाठ करून बसत असे.

त्या सुमारास दापोलीला मुंबईची मंडळी हवा खायला येत. तेथून सर्व्हिस मोटारीने एका दिवसात दाभोळ पाहून परत जाण्याची टूम निघाली होती. डोंगराच्या उतारावर वसलेले हे जुने बंदर. किनाऱ्यावर जुनी मशीद, वर पडक्या भिंती, आणखी वर गुहेतले देवीचे देऊळ. हे सगळे दाखवायला एक म्हातारा तांडेल होता. जन्म गलबतावर गेलेला, गुडघे धरल्यावर त्याने हा धंदा धरला. सकाळी पाहुण्यांना डोंगर चढवायचा, दुपारी होडीतून खाडीत फिरवायचा, जेवणानंतर गुहेत न्यायचा आणि पाचच्या आत मोटारीत बसवून द्यायचा, असा त्याचा क्रम.

गुहेत चामड्याची वस्तू नेत नसत. वहाणा, पट्टे, पिशव्या सगळे बाहेर कातळावर ठेवावे लागे. तांडेल स्वतः आत न जाता त्या ढिगापाशी बसून राही. इतकी वर्षे कोणाची वहाणसुद्धा हरवली नव्हती. पण हे मला नंतर कळले, कारण आधी मी विचारलेच नाही.

हनुमान जयंतीच्या दिवशी दिवेलागणीला एक गृहस्थ ठाण्यात आले. मुंबईचे, चाळिशीचे, रेशमी कोट, बोलणे साखरेत घोळलेले. बरोबर त्यांची विधवा भावजय. बाईंच्या चामडी पिशवीत कापडी बटवा होता आणि बटव्यात त्यांचे सगळे दागिने. नवऱ्यामागे त्यांना आधार तेवढाच. घरी ठेवायचा भरवसा नाही म्हणून त्या तो बरोबर वागवीत. चार वाजता गुहेतून बाहेर येऊन पिशवी उचलली तर हलकी लागली. बटवा गेलेला. बाई हे सांगताना रडल्या नाहीत. पदराचे टोक बोटाला गुंडाळीत आणि सोडीत राहिल्या.

फिर्याद मी दार लावून घेतली. हवालदाराला बाहेर पाठवले. तो पडला इथलाच, गावात प्रत्येकाचा कोणी ना कोणी नातेवाईक. फिर्यादीतला शब्द तांडेलाच्या कानावर जायला वेळ लागणार नाही, असा माझा संशय. संशयाला पोलिसात हुशारी म्हणतात आणि मी स्वतःला फार हुशार समजत होतो.

गृहस्थ म्हणाले, "आम्ही आत असताना बाहेर तो एकटाच होता. बोभाटा झाल्यावर तो रागारागाने निघून गेला. मला राहवेना म्हणून मी खाली धक्क्यावर गेलो. बरोबर सहाला त्याची होडी पायऱ्यांना लागली. उतरला तेव्हा काखेत गाठोडे होते. मला पाहून त्याने तोंड फिरवले."

वेळ, जागा, गाठोडे, फिरवलेले तोंड. इतकी घोटीव जबानी क्वचित मिळते. मी ती आनंदाने लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा खबरी, बाजारातला पानवाला, मागच्या दाराने आला. "सायब, तांडेल उजाडताच सोनाराकडं बसलाय."

मग काय! तांडेलाला धरून आणला, घराची झडती घेतली. सापडले काय, तर सुकी मासळी, दोन जुनी शिडे आणि भेदरलेली बायको. सोनार म्हणाला, तांडेल बायकोच्या नथीचा आकडा सांधायला आला होता, आणि त्याने नथ काढून दाखवली. त्याने इतके चटकन खरे सांगितले म्हणून मी सोनारावरही संशय घेतला.

तांडेल उंच, काळा, वाळलेला माणूस. मी ओरडलो तरी तो हळूच बोले.

"पिशवीजवळ कोण होतं?"

"मीच व्हतो, साहेब."

"मग बटवा कोणी नेला?"

"ते कोट घातलेले सायब आतून मदीच भायेर आले. बोलले, जीव गुदमरतोय, पाणी आण. मना झऱ्यावर त्यानीच धाडलान. आलो तं ते पुन्ना आत गेलेले."

फिर्यादीमुळे गृहस्थ आणि बाई गावातच मुक्कामाला राहिले होते. गृहस्थांना विचारले. त्यांनी मान हलवली, "मी गुहेतून हललोच नाही. वहिनींना विचारा." बाई म्हणाल्या, आत काळोख होता, कोण कोठे उभे होते ते त्यांना दिसले नाही. माझ्या लेखी तांडेल खोटा ठरला.

"संध्याकाळी सहा वाजता होडीतून काय आणलंस?" मी विचारले.

यावर त्याने माझ्याकडे पाहिले. मग माझ्या मागे खिडकीकडे पाहिले. पुन्हा माझ्याकडे पाहिले आणि तोंड मिटून घेतले ते मिटलेच. चोर सापडला की गप्प बसतो, हा आमचा ठोकताळा. मी त्याला दोन थपडा मारल्या. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. त्याने गालाला हातसुद्धा लावला नाही. त्या थपडांची लाज मला आज वाटते, तेव्हा वाटली नाही, हेही लिहून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी रिमांडसाठी कागद दापोलीला मॅजिस्ट्रेटांकडे जायचे होते. त्यांची स्वच्छ नक्कल काढण्याचे काम हवालदाराचे. तेव्हा ती फिर्याद प्रथमच त्याच्या हाती आली. तो लिहीत होता, आणि एकाएकी टाक थांबला.

"साहेब, हे शेट सहा वाजता धक्क्यावर व्हते?"

"हो."

"आणि होडी पायऱ्यांना लागली?"

"लिहिलंय ना तसं. पुढे लिही."

"साहेब, हनुमान जयंती म्हंजे पुनव. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. दुपारी बाराच्या आतबाहेर भरती. भरतीपासून सहा तासांनी ओहोटी, म्हंजे सहाला पाणी पार तळाला. त्यात पुनवेचं उधाण, म्हंजे ओहोटी पण मोठी. पायऱ्यांपासून पाण्यापर्यंत नुसता चिखल. होडी काय पंख लावून आली?"

मला आधी वाटले, हा गाववाल्याला सोडवतोय. तसे मी त्याला तोंडावर म्हणालोही. बिचारा खाली मान घालून बोलला, "माझ्यावर विश्वास ठेवू नका, साहेब. आज द्वितीया, ओहोटी थोडी उशिरा, तरी सहाला सुद्धा असंच असेल. खिडकीतून बघा."

त्या ठाण्यात येऊन मला आठ महिने झाले होते. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा खुर्ची फिरवून बसलो. पाच वाजल्यापासून खाडी मागे मागे सरकत गेली. साडेपाचला होड्या कुशीवर कलंडल्या. धक्क्याच्या शेवटच्या पायरीपुढे काळा, चकाकणारा चिखल पसरला.

गृहस्थ आणि बाई कागदांवर सह्या करायला आलेले होतेच. "जागेचा पंचनामा करायचा आहे, जरा धक्क्यावर चला," असे सांगून दोघांना नेले. दोन पंच घेतले.

"तांडेल कोठे उतरला?" मी विचारले.

गृहस्थांनी पायरी दाखवली. बोट दाखवल्यावर त्यांची नजर पुढे गेली आणि बोट तसेच राहिले.

"होडी कशावरून आली?"

"त्या दिवशी पाणी होतं," ते म्हणाले. "दुपारी आम्ही इथूनच होडीत बसलो होतो की!"

चिखलात चार कोळणी तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचीत होत्या. एकीने तेथूनच कंबरेवर हात ठेवला. "अवो शेट, पुनवेच्या सांजला हितं पाणी कुठला? त्या दिवशी आमी हितंच तिसऱ्या काढत व्हतो. ना होडी बघितली, ना तुमाला!" बाकीच्या मोठ्याने हसल्या.

गृहस्थ धक्क्यावर गेलेच नव्हते. दुपारी बाराला पायऱ्यांना पाणी पाहिले, तेच संध्याकाळीही असणार असे धरून चालले. मुंबईला जन्म काढला, पण समुद्र पाहिला तो चौपाटीवर भेळ खाताना. माझ्याकडे हसायला तोंड नव्हते. त्यांनी निदान आठ महिने खाडीकाठी काढले नव्हते.

तरी ते कबूल होईनात. वेळेत गफलत झाली असेल, होडी दुसरी असेल, सुरू झाले. तेव्हा इतका वेळ गप्प असलेल्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "फौजदारसाहेब, एक सांगू? भावोजींनी काल आंब्याची पेटी स्वतःच्या हातानं भरली. पेंढा घातला, खिळे मारले. घरात ते पाण्याचा तांब्या उचलत नाहीत."

गृहस्थ ओरडले, "वहिनी!"

त्या एका हाकेत सगळे आले. पेटी बैलगाडीने हर्णे बंदराकडे गेलेली, मुंबईच्या आगबोटीवर चढवायला. पत्ता त्यांच्याच नावाचा. हवालदाराला तडक सायकलीवर पिटाळले. दुसऱ्या दिवशी सकाळी आगबोट लागण्याआधी, होडीत चढवायला रचलेल्या पेट्यांतून त्याने ती काढवली. पंचांसमक्ष उघडली. वरच्या दोन थरांत हापूस, खाली पेंढा, पेंढ्यात बटवा. बाईंनी एकेक दागिना ओळखला. शेवटी मंगळसूत्र निघाले. ते त्यांनी मुद्देमालाच्या यादीत लिहायच्या आधी एकदा हातात मागितले. नियमात बसत नव्हते, तरी मी दिले.

मग गृहस्थांनी कबुली दिली. गुदमरल्याचे सोंग, पाण्याला पाठवणे, बटवा कोटात घालणे, सगळे तांडेलाने सांगितले तसेच. चोरी कोणावर ढकलायची तर होडीवाल्यावर, आणि ढकलताना जरा पक्के व्हावे म्हणून संध्याकाळची होडी रचली. ती रचली नसती तर मी तांडेलाला खुशाल शिक्षेला पाठवले असते. खरे बोलणारा माणूस अर्धवट सांगतो, अडखळतो. खोटे बोलणारा वेळेसकट सांगतो. हे मी पुढे प्रत्येक नव्या शिपायाला शिकवले.

पण मला शिकवले ते तांडेलाने. कोठडीचे दार मी स्वतः उघडले. तो बाहेर आला, धोतर झटकले. मला राहवेना.

"तांडेल, ओहोटी होती हे तुला ठाऊक होतं. एक शब्द बोलला असतास तर तेव्हाच सुटला असतास. गप्प का बसलास?"

तो म्हणाला, "साहेब, तुमच्या खिडकीतून खाडी दिसते. लहान पोराला सुद्धा ठाव असतं, पुनवेच्या सांजला पाणी नसतं. मना वाटला, तुमालाही ठाव हाय. ठाव असून इचारताय, म्हंजे शेटनी तुमाला काय तरी दिलान. मग बोलून काय उपेग?"

तीन दिवस मी त्याला चोर समजत होतो आणि तीन दिवस तो मला लाचखाऊ समजत होता. पुरावा त्याच्याकडे माझ्यापेक्षा भक्कम होता. गुन्हेगाराचा संशय यावा म्हणून सरकारने मला पगार दिला, पण समोर बसलेला माणूस माझ्याविषयी काय समजत असेल, हे मला त्या दिवसापर्यंत कधी सुचले नाही. त्यानंतर मी प्रत्येक जबानीच्या शेवटी एक प्रश्न विचारू लागलो, "मला ठाऊक असेल असं समजून तू काही सांगायचं ठेवलं आहेस का?" निम्मी प्रकरणे त्या प्रश्नाने सुटली.

मी त्याची माफी मागितली. तो "बरा" म्हणाला आणि घरी गेला. एवढेच.

पुढे बदलीचा हुकूम आला. जायच्या आधी मी त्याच्या दारात गेलो आणि म्हटले, मला दाभोळ दाखव.

त्याने विचारले, "उद्याची तिथी कुठली, साहेब?"

"द्वादशी. नऊला भरती."

"मंग नवाला या."

त्याने खाडी फिरवली, मशीद दाखवली, डोंगर चढवला, दर घेतला तो सगळ्यांइतकाच. गुहेशी आल्यावर तो कातळावर आपल्या जागी बसला. मी बूट काढले. कमरेचा चामडी पट्टा काढू लागलो तेव्हा तो म्हणाला, "आधी लिवून घ्या, साहेब, काय काय ठेवलात. मागनं तक्रार नको."

तो हसत नव्हता. मी पट्टा त्याच्या हातात दिला आणि वाकून आत गेलो.