जागल्याची झोप

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे. तरुणपणी एकदा भर बाजारात चपला टाकून पळालो होतो तेही, आणि कुणाला भिऊन पळालो तेही. पण आता जे सांगणार आहे ते तिलाही माहीत नाही. मग तुम्हालाच काहून सांगतोय? – तुम्ही आखाडा बाळापूरचे नाही, म्हणून असेल. गावातल्या माणसापुढे अजूनही माझी जीभ रेटत नाही.

निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची. बाळापुरात माझं कापडाचं दुकान होतं. लोक अप्पा म्हणत. हिंगोलीच्या शाळेत चार बुकं उर्दू शिकलेला, म्हणून गावच्या व्यापारी मंडळीत मला भाव होता. सरकारदरबारचं सगळं काम उर्दूत – अर्ज लिहायचा तर अप्पा, साहेबापुढे बोलायचं तर अप्पा. मंडळीचे मुखिया हिरालालशेट, भुसाराचे मोठे व्यापारी. बोलायची वेळ आली की तेही माझ्याकडे पाहत. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मंडळीची मागणी एकच होती – बाजारात पोलीस चौकी हवी. गाव रस्त्यावरचं, बाजार मोठा, दहा गावची माणसं येणार-जाणार, चोऱ्या व्हायच्या. आम्ही अर्ज करायचो, आणि कळमनुरीच्या तहसिलीतून दर वेळी तेच उत्तर यायचं. गावाला जागल्या आहे ना? मग चौकी कशाला?

जागल्या म्हणजे सटवा. रात्री बाजारात गस्त घालायची, हे त्याचं पिढीजात काम. बदल्यात बाजाराच्या दिवशी भुसाराच्या दुकानांतून मूठ-मूठ धान्य मिळे, त्याला फसकी म्हणत. आणि आम्ही कापडवाले दिवाळीला एक धोतर देत असू. गावकुसाबाहेर राहायचा. बोलणं कमी. रात्री त्याची आरोळी कानावर आली की आम्ही कूस बदलून पुन्हा झोपायचो.

आता त्यातली गंमत ऐका. पैनगंगेच्या अलीकडे निजाम, पलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड. पलीकडून माल आणला की करोडगिरीच्या नाक्यावर जकात द्यावी लागे. आणि चोरांचा बंदोबस्त करा म्हणून अर्जावर सह्या करणारे आम्ही सगळे तो नाका चुकवत होतो. कुणी कापड, कुणी सुपारी, कुणी काड्यापेट्या. ते ओझं डोक्यावर घेऊन रात्री नदी उतरून येणारा माणूस कोण? रानवाटा कुणाला ठाऊक? – सटवालाच. आळीपाळीनं सगळ्यांनी त्याला पाठवलेलं होतं. त्या रात्री बाजार उघडा राहतो, हे कुणाच्या डोक्यात येत नव्हतं. किंवा येत असेल, पण माल आपला असला की माणूस एवढा विचार करत नाही.

त्या लग्नसराईत उमरखेडला माझी लुगडी येऊन पडली होती. नदीला पाणी घोट्याएवढं. मी सटवाला पाठवलं. आणि नेमकी त्याच रात्री हिरालालशेटच्या दुकानाची मागची भिंत फुटली. गल्ला गेला, बायकोचे ठेवणीतले दागिने गेले. पहाटे सटवा गाठोडी घेऊन माझ्या मागच्या दाराशी आला, तेव्हा बाजारात आरडाओरडा सुरू झाला होता. त्याचं तोंड उतरलं. मी गाठोडी आत घेतली आणि त्याला म्हणालो, कुठं काही बोलू नको, मी बघतो.

मी बघतो – असं म्हणालो होतो. हे लक्षात असू द्या.

मंडळी बसली. हिरालालशेट दुःखात होते, पण त्या दुःखातही त्यांची व्यापारी नजर शाबूत होती. आता तहसीलदार आपलं म्हणणं मोडू शकणार नाही, ते म्हणाले. जागल्या असूनही चोरी झाली, म्हणजे जागल्या कुचकामी, म्हणजे चौकी पाहिजे. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. नुसती हलवली नाही – कलमं पाडून अर्ज असा झणझणीत लिहिला की सगळे वाहवा म्हणाले. ती वाहवा गोड लागली, हेही सांगून टाकतो.

तहसीलदार चौकशीला स्वतः आले. चावडीपुढे खुर्ची मांडली. साहेब हैदराबादेहून नवीन आलेले, मराठीचा गंध नाही. ते उर्दूत विचारणार, मी मराठीत सांगणार. सटवा जे बोलेल ते मी उर्दूत करून सांगणार, असं ठरलं. सटवा समोर अंगणात हात जोडून उभा. साहेबांनी विचारलं, त्या रात्री तू कुठे होतास? मी त्याला मराठीत विचारलं.

त्यानं साहेबांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"अप्पाला माहीत हाय," तो म्हणाला. "अप्पाच सांगतेल."

काय सोपं होतं बघा. त्याचे शब्द होते तसे उर्दूत सांगायचे, एवढंच माझं काम. पण ते सांगितले तर पुढचा सवाल मला येणार. मग नदी, मग लुगडी, मग नाका, मग दुकानाला सील आणि दंड. मी साहेबांकडे वळलो.

"हुजूर, कहता है आँख लग गई थी."

म्हणजे – म्हणतो की डोळा लागला होता.

तुम्हाला वाटेल, ते कुणाला कळलं नसेल. अहो, आमचा सगळा बाजार दखनी उर्दूवर चालायचा – साहेबापुढे बोलता आलं नाही तरी ऐकून समजायची. ओट्यावर बसलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याला कळलं. हिरालालशेटना कळलं. ते पागोटं सारखं करत खाली बघत राहिले. आणि सटवालाही कळलं – तोही त्याच बाजारातला माणूस. तो म्हणाला, "व्हय. झोप लागली." हे मात्र मी बराबर शब्दाला शब्द सांगितलं.

सटवाचं काम गेलं, फसकी गेली. महिन्या-दोन महिन्यांत चौकी आली. शिपायांनी येताच माझ्या दुकानातून फुकट टॉवेल न्यायला सुरुवात केली. त्यापेक्षा चोर परवडला, असं आम्हीच म्हणू लागलो. चोर कोण होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. सटवाची मात्र म्हण झाली. कामात ढिलाई केली की लोक म्हणत, काय रे, जागल्यासारखा झोपलास का? पोरं त्याच्या मागं ओरडत. पुढच्या उन्हाळ्यात तो बायको-लेकरं घेऊन नांदेडला गिरणीत कामाला गेला. जाताना माझ्या दुकानावरूनच गेला. मी आत कापड मोजण्यात गुंतलो होतो – म्हणजे गुंतल्यासारखं केलं.

एवढंच असतं तर भित्रा होतो म्हणून मोकळा झालो असतो. माणूस भितो. पण मला सांगायचं आहे ते यापुढचं.

निजाम गेला त्या वर्षीची गोष्ट. राज्य बदललं, तो तहसीलदार कुठल्या कुठे गेला, हिरालालशेट वारले, जुनी लुगडी कुणाच्या ध्यानात नव्हती. मला कुणाचं भय उरलं नव्हतं. एका बाजाराच्या दिवशी एक म्हातारी येऊन ओट्याच्या पायरीशी बसली. मी ओळखलं नाही. तिनंच सांगितलं – धुरपता, सटवाची बायको. सटवा पावसाळ्यात वारला. नांदेडला होता तोवर तो रात्री कधी आडवा झाला नाही, म्हणाली. पाळी दिवसाची असो की रातची, अंधार पडला की भिंतीला टेकून बसून राहायचा. आणि ती त्याला बोलायची. तवा झोपलास, आता जागून काय करतो? आमचा गाव सुटला तुझ्यापायी. लेकरांसमोर बोलायची, पाव्हण्यांसमोर बोलायची. तो कधी उलटून एक शब्द बोलला नाही.

त्या घडीला दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ती माझ्याकडे वर पाहत होती.

"अप्पा, चावडीत त्यो म्हणला व्हता म्हणं, अप्पाला माहीत हाय. म्हणून इचाराया आले. त्यो खरंच झोपला व्हता का?"

मी म्हणालो, "हो. झोपला होता."

तिनं मोठा सुस्कारा सोडला.

"बरं झालं इचारलं," ती म्हणाली. "म्या त्याला उगंच बोलले न्हाई म्हणायचं."

आणि उठली. आली होती त्यापेक्षा हलकी होऊन गेली, ते मला दिसत होतं. तिच्या भल्यासाठी खोटं बोललो, असं आज म्हणता येईल, आणि ऐकणाऱ्याला ते पटेलही. पण ते मला फार नंतर सुचलं. मी हो म्हणालो, तेव्हा तिचा विचार माझ्या मनात नव्हता.