सख्ख्या भावंडांची सोयरीक

आमच्या घरात स्थळ आलं की आधी गोत्र विचारतात, मग चहा. माझ्या मुलासाठी आलेली एक गोड मुलगी निव्वळ सगोत्र म्हणून मी परत पाठवली. "रक्त एकच पडतं, पुढं लेकरांना भोगावं लागतं," असं वर ठणकावून सांगितलं. आणि त्याच मी आमच्या कुत्रीची सोयरीक तिच्या सख्ख्या भावाशी लावली! दोघं एकाच वेताची. भाऊ चितेगावला, ह्यांच्या मित्राकडं होता. बघण्यातला नर, पिल्लंही अशीच सोनेरी होतील, म्हणून मी केवढी खूश! अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

पिल्लांतली सगळ्यात गुटगुटीत पडेगावच्या माझ्या ताईला दिली. भाऊजी गेल्यापासून ताई एकटीच असते. तिला सोबत झाली.

यंदा दसऱ्याच्या साफसफाईत दिवाण खिडकीखाली सरकवला. संध्याकाळी आमची कुत्री धाडकन त्यावर आपटली. "डोळे फुटले का गं तुझे?" मी खेकसले. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि मीही पुन्हा तशीच खेकसले. त्यानंतर मात्र तिला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळे तपासले. म्हणाले, "आतला पडदा झिजत चाललाय. आधी अंधारात दिसत नाही, मग उजेडातही. रक्तातूनच येतं हे, औषध नाही. घर पाठ होतं, म्हणून तुम्हाला कळलं नाही." मग विचारलं, "पिल्लं झालीत का? नर कुठला?"

मी सांगितलं. "पिल्लांचेही डोळे दाखवून घ्या," एवढंच म्हणाले.

ताईला सांगायला जीभ रेटेना. फोन लावायची, भाजी काय केली ते विचारायची आणि ठेवून द्यायची. भित्री मेली! शेवटी एका रविवारी रिक्षा करून पडेगाव गाठलं.

ताईनं गाद्यांना ऊन द्यायला भिंतीजवळची बाज अंगणात मधोमध ओढली होती. दिवेलागणीला तिनं कुत्रीला हाक मारली. ती आनंदानं धावत आली आणि बाजेवर तोंडानंच आदळली.

"डोळे फुटले का गं तुझे?" ताईनं हसत चापट उगारली.

मी तिचा हात धरला. "तिला नको बोलूस, ताई. तिला खरंच दिसत नाही. बोलायचं तर मला बोल." आणि रडत रडत सगळं सांगितलं.

ताईनं कुत्रीचं तोंड मांडीवर घेतलं. बराच वेळ तिच्या कपाळावरून हात फिरवत बसली. मग विचारलं, "तू तुझीला कसं सांभाळतेस?"

"सामान हलवत नाही."

ताई उठली आणि बाज ओढत भिंतीकडं न्यायला लागली. मी हात लावायला पुढं झाले.

"तू राहू दे," ती म्हणाली.