बंद नाकाने खाल्लेला अमेरिकेचा धूर

नागपूरच्या विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यापाशी एका मुलीने माझी पिशवी उघडायला लावली. आत घरी कुटलेल्या काळ्या मसाल्याचा डबा होता. तिने झाकण जरासं उचललं आणि तिचा सरकारी चेहरा एकदम सैल झाला. "काका, काय वास आहे हो," ती म्हणाली. मी मान डोलावली. मला काहीएक वास आलेला नव्हता. कित्येक वर्षांत कशाचाच आला नव्हता.

मी भंडाऱ्याचा. पितळी भांड्यांचं दुकान आहे, पण लोक मला ओळखतात ते पंगतीच्या स्वयंपाकामुळे. नातेवाइकांत कुठेही कार्य असलं की चुलीपाशी मी उभा. हौस, दुसरं काय! आमच्याकडे देवाला दाखवण्याआधी अन्न चाखत नाहीत, त्यामुळे नैवेद्य रांधणाऱ्याचा सगळा कारभार नाकावर चालतो. कोरोनात माझा वास गेला. इतरांचा महिन्या-दोन महिन्यांत परत आला, माझा काही फिरकला नाही. तरी कारध्याला चुलतभावाच्या वास्तुशांतीला मी हट्टाने वरणाच्या गंजापाशी उभा राहिलो. (गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं.) वरण माझ्या गुडघ्याशी करपत होतं आणि मी शेजारच्याशी वैनगंगेच्या पाण्याच्या गप्पा हाणत होतो. पंगतीत लोकांनी नुसतं भातावर तूप जास्त मागितलं. घरी आल्यावर बायकोने खरं काय ते सांगितलं आणि त्या दिवसापासून मी झारा हातात धरला नाही.

हे मान्य नव्हतं ते माझ्या मोठ्या बहिणीला, दिघोरीच्या कमलताईला. तिने मारुतीला रोडग्यांचा नवस बोलला होता. रोडगे म्हणजे जाडसर कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजलेले. ते आजवर मीच भाजत आलो. मी यंदा नाही म्हटलं, तर ती शांतपणे म्हणाली, "मंग राहू दे नवस तसाच. तुह्या हातचा रोडगा असन तवाच फेडीन." प्रत्यक्ष मारुतीला ताटकळत ठेवणारी बाई. तिच्या मनाला काय वाटत होतं कोण जाणे, मला मात्र मारुतीकडे वर मान करून पाहवेना.

माझी मुलगी मनीषा टेक्सासमध्ये, डॅलसजवळ असते. ती फोनवर बार्बेक्यूचं सांगायची. तिथे मांस बारा-बारा तास लाकडाच्या धुरावर ठेवतात, दर प्रांताची रीत वेगळी, आणि कुणाची खरी यावरून लोक हमरीतुमरीवर येतात. नागपूरच्या डॉक्टरांनी मला उग्र वास हुंगत राहायला सांगितलं होतं. लवंगा झाल्या, कापूर झाला, निलगिरी झाली. आता ठरवलं की धुराने नाक उघडणार असेल तर अमेरिकेतला सगळा धूर घेऊन पाहायचा. बायको म्हणाली, दुकान मी बघते, तुम्ही जा एकदाचे.

डॅलसला उतरलो त्याच्या तिसऱ्याच दिवशी मनीषाने मला एका पत्र्याच्या शेडपुढच्या रांगेत नेऊन उभं केलं. सकाळचे दहा वाजले होते आणि माणसं खुर्च्या टाकून बसली होती. टेक्सासची रीत अगदी साधी: मीठ, काळी मिरी आणि ओकच्या लाकडाचा धूर. रस्सा नाही की चटणी नाही. तिथला मान गाईच्या मांसाचा. ते मी खात नाही, म्हणून टर्की (कोंबडीपेक्षा चांगला मोठा पक्षी) घेतली. खाकी कागदावर टर्कीचे काप, पांढरा पाव, कांदा. समोरच्या टेबलावरचा मिशीवाला पहिला घास घेऊन डोळे मिटून बसला. मीही घास घेतला.

मीठ लागलं. मिरी जिभेला झोंबली. बाकी पांढरा शुकशुकाट. मागच्या भट्टीचा धूर वाऱ्याबरोबर अंगावर आला, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं, म्हणजे डोळ्यांना कळलं, नाकाला नाही. ज्या रीतीत धुराशिवाय काहीच नाही, ती माझ्यासाठी रितीच होती. मला रडू आलं आणि धुराच्या पाण्यात ते खपून गेलं.

"बाबा, परत जाऊ या का?" मनीषाने विचारलं.

"कायले? आत्ता तं सुरुवात होऊन राहिली," मी म्हटलं.

मनीषाने आठवड्याची रजा काढली आणि आम्ही उत्तरेला गाडी हाणली. पुढचा मुक्काम कॅन्सस सिटी. रस्ता सरळ, दोन्हीकडे सपाट शिवार, मैलोगणती एक माणूस दिसत नाही. धानाच्या बांध्यांची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना तिथे टेकायला जागाच सापडेना. बांधी म्हणजे धुऱ्यांनी (मातीच्या बांधांनी) वेढलेला शेताचा तुकडा. तिथे धुरे नाहीतच, एकच शेत आभाळापर्यंत.

कॅन्सस सिटीची रीत टेक्सासच्या अगदी उलट. मांस कुठलंही चालतं, पण वर दाट, तांबूस काळा सॉस हवाच. टोमॅटो आणि काकवी आटवून केलेला. मी कोंबडीची तंगडी त्यात बुडवली, चावा घेतला आणि उडालोच. गोड, आंबट, मागून तिखट. तोंड भरून आलं. इतक्या वर्षांत घास असा बोलला नव्हता माझ्याशी. मनीषा हात धुवायला गेली होती. मी तिथूनच ताईला फोन लावला आणि सांगून टाकलं की वास आला.

ताई म्हणाली, "कायचा वास आला गा?"

"सगळ्याचाच," मी म्हटलं.

बरं, म्हणाली. धान घरात आलं की मार्गशीर्षातल्या पहिल्या शनिवारी रोडगे करू, सगळ्यांना सांगते, आणि फोन ठेवला.

मनीषा लहानपणापासून शंकेखोर. तिने मला डोळे मिटायला लावले, नाक चिमटीत धरायला लावलं आणि एक फोड तोंडात दिली. मग नाक सोडून दुसरी. दोन्ही करकरीत, दोन्ही गोडसर. मी सांगितलं, दोन्ही सफरचंदाच्या. पहिली सफरचंदाची होती, दुसरी कांद्याची. जिभेला गोड-आंबट कळत होतं, तेवढंच. नाक होतं तिथेच होतं, दार लावून. आणि दिघोरीत एव्हाना घरोघरी निरोप गेला असणार.

मला स्वतःची लाज वाटली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. मनीषा म्हणाली, आत्याला आत्ताच्या आत्ता फोन करा. मी केला नाही. एवढंच कळत होतं की आणखी दोन गावं उरली आहेत आणि ती पाहिल्याशिवाय मी हार सांगणार नाही.

तिसरा मुक्काम केंटकीच्या पश्चिमेला, ओहायो नदीकाठचं एक गाव. तिथली रीत ऐकूनच मी हरखलो, कारण तिथे मेंढीचं मटण असतं. सगळ्या अमेरिकेत मटण पाहायला मिळत नाही आणि इथे मात्र त्याचा बार्बेक्यू. गावच्या चर्चची वार्षिक जेवणावळ होती. आवारात गेलो आणि मला वाटलं, आपण आपल्याच मुलखात आलो. लोखंडी कढया, माणूस बसेल एवढ्या, त्यात बर्गू (मटण, मका, बटाटे यांचा दाट रस्सा) शिजत होता. मोठाली माणसं वल्ह्यांनी ढवळत होती आणि जो तो दुसऱ्याला अक्कल शिकवत होता. बाजूला सिमेंटच्या विटांचा लांबच लांब पिट (उघडी भट्टी), खाली हिकरी नावाच्या कठीण लाकडाचे निखारे, वर जाळ्यांमध्ये दाबलेलं मटण.

पिटचा मुखत्यार अर्ल नावाचा म्हातारा होता. सत्तरीचा, टोपीखाली भुवया जळालेल्या. तो मटणावर डिप (व्हिनेगर, मिरी आणि मिठाचं काळं पाणी) शिंपडत होता. मनीषाने दुभाष्याचं काम केलं. मी भारतात पंगतीचा स्वयंपाक करतो असं तिने सांगताच त्याने दुसरा ब्रश माझ्या हातात दिला. मग मी तिला सांगितलं, याला सांग की माझं नाक गेलेलं आहे, माझ्या भरवशावर सोडू नकोस. ती जरा अडखळली, पण तिने सांगितलं.

अर्ल हसला. म्हणाला, "धुरात उभं राहणाऱ्याला कुठे वास येतो? पंधरा मिनिटांत नाक थकतं. वास खाणाऱ्यांसाठी असतो. आपण ऐकायचं."

त्याने एका माणसाला गाणी बंद करायला लावली आणि मला पिटजवळ वाकवलं. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की चर्र होत होतं. भराभर चर्र चर्र झालं की आग चढली, निखारे ओढून घ्यायचे. थांबून थांबून झालं की ठीक. अगदी गप्प झालं की खालची आग मेली. तीन गोष्टी, बस्स. मी डोळे मिटले. आणि मला माझं दुकान आठवलं. चाळीस वर्षं मी काय करत आलो? गिऱ्हाइकापुढे गंज उचलतो, बोटाच्या पेराने ठोकतो. निकोप असला तर आवाज लांबवर जातो, बारीकशी चीर असली तरी खट्ट करून बसतो. पितळेच्या आवाजावरून भांड्याचा जन्म सांगणारा माणूस मी, आणि वरणापाशी बहिऱ्यासारखा उभा होतो.

दुपारी अर्लने मला विचारलं, कुठली जाळी उतरवू? मी ऐकत ऐकत पुढे गेलो आणि मधल्या एका जाळीवर बोट ठेवलं. त्याने मटणातून हाड धरून ओढलं. ते अलगद हातात आलं. अर्लने फक्त मान हलवली आणि दुसऱ्या जाळीकडे वळला. शाबासकी अशी काही मिळाली नाही. मला ती मान पुरली.

मेम्फिसला आम्ही परतीच्या वाटेवर थांबलो. तिथे कोरडा मसाला चोळून भाजतात आणि तो आमच्या सावजी मसाल्याचा लांबचा भाऊ शोभेल. कोंबडीचा मसाला जिभेवर बरा झोंबला. कुणाची रीत खरी, असं मनीषाने विचारलं. मी म्हटलं, कोंबडीला मेम्फिस, चुकलेल्या कोंबडीवर पांघरूण घालायला कॅन्सस सिटी, आणि टेक्सासबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. केंटकीचा मात्र मी माणूस झालो होतो.

उरलेले दिवस मी मनीषाच्या अंगणात कणकेचे गोळे भाजले. गोवऱ्या कुठून आणणार, पोत्यातला कोळसा घेतला. पहिल्या दिवशीचे आतून कच्चे, दुसऱ्या दिवशीचे वरून कोळसा. ते सगळे जावईबापूंनी मुकाट्याने खाल्ले, देव त्यांचं भलं करो. पाचव्या दिवसापर्यंत मला कळलं: कच्चा गोळा ठोकला की बद्द वाजतो, झालेला ठक्क वाजतो, पोकळ, जरासा वर. करपायला लागला की आवाज फुटका येतो.

दिघोरीला पोचलो तेव्हा धान कापून झालं होतं आणि बांध्यांत नुसते बुडखे उभे होते. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मारुतीपुढे, गोवऱ्यांचा थर रचलेला होता. ताईला बाजूला घेऊन मी आधी खरं सांगितलं. नाक तसंच आहे, फोनवर मी खोटं बोललो.

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "तुले वास आला असता तं अर्धा घंटा त्या वासाचंच सांगत बसला असता. म्हणे सगळ्याचाच."

"मंग तारीख काहून काढली?"

"तारीख सांगितली तं तू येशीन म्हणून." असं म्हणून तिने कणकेची परात माझ्यापुढे ढकलली.

गोवऱ्या पेटल्या, धगधगल्या, निखारे झाले. रोडगे पुरले. सगळं गाव पाळीवर जमलं होतं, देवळाचा भोंगा गर्जत होता, बाया वांगी चिरत गप्पा मारत होत्या. त्या गोंगाटात मला काही ऐकू येईना. कारध्याचं वरण डोळ्यांपुढे आलं. मग मी उभा राहिलो आणि जन्मात पहिल्यांदा गावापुढे तोंड उघडून सांगितलं की मला वास येत नाही, मी रोडगे ऐकून भाजणार आहे, तेव्हा घटकाभर गप्प बसा. कोणीतरी हसलं. ताईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. भोंगा बंद झाला. विळ्या थांबल्या. तलावावरच्या बगळ्याने पंख झटकले तेही ऐकू आलं, आणि सगळं दिघोरी माझ्याबरोबर राखेकडे कान लावून बसलं.

मी एकेक रोडगा चिमट्याने काढला, राख झटकली, पेराने ठोकला. बद्द. परत आत. ठक्क. बाहेर. ठक्क. ठक्क. बोटांची सालं निघाली तरी मी एकही दुसऱ्याला ठोकू दिला नाही.

पहिला रोडगा मारुतीपुढे ठेवला. दुसरा ताईने उचलला. जुन्या सवयीने ती तो माझ्या नाकाशी घेऊन आली, पूर्वी नेहमी आणायची तसा, आणि मध्येच तिचा हात थांबला. मग तिने रोडगा माझ्या कानाशी नेला आणि तिथे दोन्ही हातांनी फोडला.